साठ जागांचा छेद

महाराष्ट्रातील व्यवस्थापन-शिक्षणाविषयी लिहिताना अहमदाबाद, कोलकाता आणि बंगळूर येथील प्रख्यात संस्थांवरच लेखणी झिजवण्याचा प्रघात असला, तरी पदवीच्या अंतिम वर्षाला असलेल्या बहुसंख्य मुलामुलींची गाठ पडते ती एका निराळ्याच प्रकारच्या संस्थेशी. ही संस्था शहराच्या बाह्यवळण रस्त्यालगत, एखाद्या शिक्षण मंडळाचे फार्मसी कॉलेज आणि त्याच मंडळाची इंग्रजी शाळा यांच्या मधोमध, बहुधा तिसऱ्या मजल्यावर वसलेली असते. तिची मंजूर प्रवेशक्षमता साठ असते. आणि तिच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर काचेच्या उत्तुंग इमारतीसमोर हाताची घडी घालून हसणारे चार तरुण दिसतात, त्यांपैकी एकानेही त्या संस्थेत पाऊल टाकलेले नसते आणि ती इमारत तर त्या जिल्ह्यातही नसते. अशा छोट्या, दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीए अभ्यासक्रमाला जाऊ इच्छिणाऱ्यांनी काय जाणून घ्यावे याचा ऊहापोह येथे करावयाचा असून, त्यासाठी शालेय गणितातील एकच गोष्ट आठवली तरी पुरे आहे: अपूर्णांकात रेघेच्या वर असतो तो अंश आणि खाली असतो तो छेद. माहितीपुस्तिका अंश आपण होऊन सांगते. छेद मात्र विचारावा लागतो, आणि तो विचारणारा विद्यार्थी संस्थेला फारसा आवडत नाही.

संस्था लहान आहे एवढ्यावरून नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. जगातील पहिला एमबीए अभ्यासक्रम हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली सुरू केला, तेव्हा तेथेही विद्यार्थी शंभराच्या आतच होते. पदवीच्या नावावरही फार जाऊ नये. मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली १९६५ मध्ये स्थापन झालेल्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेची नामांकित पदवी वर्षानुवर्षे एमबीए नव्हे तर एमएमएस या नावाने ओळखली गेली, आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबाद व कोलकात्याच्या आयआयएम संस्था, आयआयएम कायदा २०१७ अमलात येईपर्यंत, व्यवस्थापनाची पदवी नव्हे तर पदविकाच देत होत्या. ‘मुलगा एमबीए झालाय ना?’ ही लग्नाच्या बैठकीतील चौकशी कागदपत्रे तपासून काटेकोरपणे केली गेली असती, तर देशातील कित्येक बडे कार्यकारी अधिकारी अविवाहित राहिले असते.

या मार्गावरचा पहिला उंबरठा म्हणजे राज्याचा सीईटी सेल घेत असलेली सामायिक प्रवेश परीक्षा. तीत २०० प्रश्न १५० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत परीक्षार्थी प्रश्न वाचण्याच्या बंधनातून मुक्त होतो आणि उरलेली उत्तरे भराभर ठोकून देतो. प्रवेशासाठी पदवीला किमान ५० टक्के, तर राज्यातील राखीव प्रवर्गांसाठी ४५ टक्के गुणांची अट आहे. शिवाय सीईटीचा गुणांक शून्य नसावा, अशीही एक अट नियमांत गांभीर्याने नोंदवलेली आहे. गुण कापलेच जात नसताना दोनशे प्रश्नांत शून्य मिळवायचे, तर सगळी अचूक उत्तरे ओळखून ती कटाक्षाने टाळावी लागतील, आणि एवढी तयारी असलेल्या उमेदवाराला खरे तर थेट अध्यापक म्हणूनच नेमायला हवे.

निकाल येतो तो पर्सेंटाइलमध्ये. पर्सेंटाइल म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्या परीक्षार्थींचे शेकडा प्रमाण. त्याचा आपल्या स्वतःच्या टक्केवारीशी थेट संबंध नसतो. ७२ पर्सेंटाइल मिळालेल्या उमेदवाराला प्रत्यक्षात २०० पैकी नव्वदही गुण नसणे शक्य आहे, हे घरी समजावून सांगण्याचा प्रयत्न बहुतेक जण एकदाच करतात, कारण तोवर वडिलांनी शेजारी ‘पोराला बहात्तर टक्के पडले’ असे सांगून पेढेही वाटलेले असतात, आणि वाटलेल्या पेढ्यांवर संख्याशास्त्राचा इलाज चालत नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून दूरध्वनी सुरू होतात. फोनवरच्या मृदुभाषी व्यक्तीला ‘ॲडमिशन काउन्सेलर’ म्हणतात, आणि तिचे मुख्य विधान असते, ‘सर, सीट्स अगदी लिमिटेड आहेत.’ हे विधान खरे असते, कारण जागा साठच आहेत; फक्त ते जूनमध्ये जितके खरे असते तितकेच प्रवेशाच्या शेवटच्या फेरीनंतरही खरे राहते, यावरून जाणकाराने काय ते समजावे. येथे दोन प्रकारच्या जागांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून भरल्या जाणाऱ्या जागा एका बाजूला, आणि खासगी विनाअनुदानित संस्थेने आपल्या स्तरावर भरावयाच्या २० टक्के जागा दुसऱ्या बाजूला. वर्ग एकच, फळा एकच, पदवीही एकच; परंतु राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसारखी शुल्क-सवलत हवी असेल तर प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो. ‘कॅपच्या भानगडीत कशाला पडता, इथेच सही करा’ असा आपुलकीचा सल्ला मिळाला, तर त्या आपुलकीची किंमत शुल्काच्या पावतीवर मोजावी लागेल हे ओळखावे.

शुल्क किती असावे हे खासगी संस्थांपुरते शुल्क नियामक प्राधिकरण संस्थागणिक ठरवून देते आणि ते आकडे जाहीर असतात. जाहीर नसतो तो ब्लेझर, टाय आणि औद्योगिक भेट यांचा खर्च. औद्योगिक भेट म्हणजे विद्यार्थ्यांना उत्पादनप्रक्रियेचे प्रत्यक्ष दर्शन घडावे म्हणून काढलेली अभ्यास-सहल. ती वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात दोन तास आणि कळंगुटला दोन दिवस असते, आणि तिच्या अहवालात हे प्रमाण उलटे लिहिण्याचा संकेत आहे.

अध्यापकांच्या बाबतीत छेद काढणे सोपे आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषानुसार व्यवस्थापन अभ्यासक्रमात वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असावा. दोन्ही वर्षांचे मिळून १२० विद्यार्थी धरले तर ही संख्या सहा येते. या सहा जणांनी चार सत्रांतील तीस-चाळीस विषय वाटून घ्यायचे असल्यामुळे सकाळी विपणन शिकवणारे सर दुपारी व्यवसाय-कायद्याच्या तासाला येतात आणि संध्याकाळी पुन्हा ‘संस्थात्मक वर्तन’ घेऊन उभे राहतात. ते विद्वान असल्याशिवाय हे जमणे नाही, आणि ते विद्वान राहू नयेत याची तजवीज नॅक करते. नॅक ही उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणारी यंत्रणा असून तिचे निकष सात आहेत, प्रत्येक निकषासाठी फायलींचे स्वतंत्र कपाट आहे, आणि प्रत्येक कार्यक्रमाचा पुरावा म्हणून अक्षांश-रेखांशांसह छायाचित्र, म्हणजे जिओटॅग केलेला फोटो, ठेवावा लागतो. याचा परिणाम असा की छोट्या संस्थेत वृक्षारोपण, योगदिन, उद्योजकता कार्यशाळा आणि मतदार जागृती फेरी या सर्व प्रसंगी तेच पंचवीस चेहरे वेगवेगळ्या कोनांतून दिसतात. रोपटेही बहुधा तेच असते. होतकरू विद्यार्थ्याने संस्थेच्या छायाचित्रसंग्रहात पाहुण्यांकडे न बघता श्रोत्यांची डोकी मोजावीत, कारण खरी पटसंख्या तेथे सापडते.

वर्गात गेल्यावर पहिला साक्षात्कार होतो तो शेवटच्या बाकाच्या अभावाचा. दीडशेच्या वर्गात चौथ्या रांगेपलीकडे अध्यापकाची नजर पोचत नाही आणि तेथे एक समांतर संस्कृती नांदते. साठ जागांच्या वर्गात, त्यातून ४५ भरलेल्या आणि ३० उपस्थित असलेल्या वर्गात, मागे बसलेला मुलगाही तिसऱ्याच बाकावर असतो. हजेरी लावून देण्याची मैत्री इथे निभावता येत नाही, कारण सरांना प्रत्येकाचे नाव, गाव आणि वडिलांचा धंदा पाठ असतो. लहान अभ्यासक्रमाचा हा सर्वांत मोठा गुण आहे, आणि नेमक्या याच गुणाबद्दल विद्यार्थी दोन वर्षे तक्रार करीत असतात.

शिकवण्याची मानाची पद्धत म्हणजे ‘केस’, अर्थात एखाद्या उद्योगापुढे उभ्या राहिलेल्या प्रसंगाचे तपशीलवार टिपण वाचून ‘तुम्ही असता तर काय केले असते’ यावर चर्चा करणे. हार्वर्डने जगभर रुजवलेल्या या पद्धतीत मुंबईच्या डबेवाल्यांवरही २०१० साली एक केस लिहिली गेली, त्यामुळे अंधेरीहून लोकलला लटकत येणारा विद्यार्थी डबेवाले कसे काम करतात हे बोस्टनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी टिपणावरून शिकतो, आणि तास संपल्यावर आईने दिलेला डबा उघडतो. याच प्रकारची गंमत बीसीजी मॅट्रिक्सच्या तासाला घडते. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने १९७० च्या सुमारास मांडलेल्या या चौकटीत कंपनीच्या उत्पादनांची तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा अशी विभागणी केली जाते, आणि दुभती गाय म्हणजे फारसा खर्च न करता भरघोस पैसा देत राहणारे उत्पादन, अशी व्याख्या फळ्यावर लिहिली जाते. पुण्या-मुंबईची मुले ती निमूटपणे उतरवून घेतात. शिरोळ किंवा संगमनेरकडचा, घरी सहा जनावरे असलेला मुलगा मात्र पेन खाली ठेवतो आणि सरकी पेंडीचा चालू भाव, कडब्याची टंचाई, डॉक्टरची फी आणि डेअरीने फॅटवरून कापलेला दर यांचा हिशेब मांडून विचारतो की, सर, ही गाय मिळते कुठे? लहान वर्गात हा प्रश्न ऐकू येतो. मोठ्या वर्गात तो मुलाच्या मनातच राहिला असता आणि बोस्टनची गाय बिनबोभाट दूध देत राहिली असती.

माहितीपुस्तिकेतील सर्वांत श्रीमंत पान असते स्पेशलायझेशनचे. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याने एखादी शाखा निवडून तिच्यातले विषय सखोल शिकावेत ही त्यामागची कल्पना असून विपणन, वित्त, मनुष्यबळ, उत्पादन, बिझनेस अॅनालिटिक्स, आंतरराष्ट्रीय व्यापार, कृषी-व्यवसाय अशी लांबलचक यादी तेथे छापलेली असते. प्रत्यक्षात एखादा विषय चालवायला किमान काही विद्यार्थी लागतात, आणि पंचेचाळीस जणांना सात शाखांत विभागले तर प्रत्येकी सहा-सात उरतात. म्हणून पंचवीस जण विपणनात, पंधरा वित्तात आणि उरलेले मनुष्यबळात अशी वाटणी होते, व आंतरराष्ट्रीय व्यापाराची हौस असलेल्या एकुलत्या एका मुलाला संचालक केबिनमध्ये बोलावून ‘मार्केटिंगमध्येच स्कोप आहे’ असे वडीलकीने समजावतात. कोणत्या शाखा आहेत हे विचारण्यापेक्षा गेल्या वर्षी कोणत्या शाखांचे तास प्रत्यक्ष झाले, हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

पहिले वर्ष संपल्यावर सुमारे आठ आठवड्यांचा उन्हाळी प्रकल्प असतो, त्याला एसआयपी म्हणतात. विद्यार्थ्याने कंपनीत जाऊन खरा प्रश्न हाताळावा हा त्याचा हेतू. पण कंपनी मिळवण्याचे काम ‘तुमच्या ओळखीत कोणी असेल तर बघा’ या सूचनेने सुरू झाले, की ते काकांच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये जाऊन थांबते. मग ‘ग्राहक समाधानाचा अभ्यास’ या सदाबहार विषयावर गूगल फॉर्म तयार होतो आणि तो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो. प्रत्येकाने प्रत्येकाचा फॉर्म भरायचा हा अलिखित करार असल्याने, आयुष्यात ट्रॅक्टरच्या चाकाला हात न लावलेले चाळीस तरुण त्या ट्रॅक्टरच्या विक्रीपश्चात सेवेवर ‘अत्यंत समाधानी’ अशी खूण करतात. संशोधनपद्धतीच्या पुस्तकात याला सोयीचा नमुना म्हणतात, म्हणजे सहज हाताशी लागणाऱ्या माणसांनाच विचारून घेतलेली माहिती. आणि अहवालाच्या निष्कर्षात ‘बहुसंख्य ग्राहक २१ ते २५ वयोगटातील पदव्युत्तर विद्यार्थी आहेत’ असे छापून येते. काका तो अहवाल शोरूमच्या काउंटरवर ठेवतात. एखाद्या संस्थेचे खरे वजन तोलायचे असेल, तर मागील वर्षाचे पाच-सहा प्रकल्प अहवाल पाहायला मागावेत. बांधणी सगळ्यांची सोनेरी अक्षरांची असते, आतले चौथे प्रकरण उघडावे.

आता प्लेसमेंटकडे, म्हणजे संस्थेमार्फत मिळणाऱ्या नोकरीकडे वळले पाहिजे, कारण छेद सर्वाधिक हरवतो तो येथेच. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ हे वाक्य खोटे असतेच असे नाही. समजा, साठपैकी ४८ जागा भरल्या. त्यांतून विषय राहिलेले, घरच्या दुकानात बसणारे, स्पर्धा परीक्षेकडे वळलेले आणि लग्न ठरलेले वगळले, की ‘पात्र व इच्छुक’ असे ३० उरतात. त्या तिसांना नोकरी मिळाली की फलकावर शंभर टक्के झळकतात. ४८ च्या छेदावर हेच प्रमाण साडेबासष्ट टक्के आणि साठच्या छेदावर पन्नास टक्के आहे. अंश तिन्ही वेळा तीसच.

सरासरी पॅकेजचा हिशेब याहून रंजक आहे. या तिसांपैकी २९ जणांना वर्षाला ४ लाख आणि एकाला, आधीचा आठ वर्षांचा अनुभव व दुबईतील मामा यांच्या संयुक्त बळावर, ४० लाख मिळाले असे धरले, तर सरासरी ५ लाख २० हजार येते, आणि एवढा पगार त्या वर्गात एकालाही नसतो. सहाशे जणांच्या संस्थेत तोच मामा सरासरीला जेमतेम सहा हजारांनी हलवू शकला असता. लहान संस्थेत एक मामा एक लाख वीस हजारांना भारी पडतो. म्हणून सरासरीऐवजी मध्यक विचारावा. सर्व पगार चढत्या क्रमाने मांडले असता मधोमध येणारी रक्कम म्हणजे मध्यक. वरील उदाहरणात ती ४ लाखच राहते, तिला मामांचे काही वाटत नाही. शिवाय हे आकडे सीटीसीचे, म्हणजे कंपनीला कर्मचाऱ्यामागे येणाऱ्या एकूण खर्चाचे असतात. त्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, विम्याचा हप्ता, लक्ष्य गाठल्यास मिळणारी रक्कम आणि परंपरेने पाच वर्षे टिकल्यावरच हाती पडणारी ग्रॅच्युइटीही मोजलेली असते, त्यामुळे चार लाखांना बाराने भागून येणारे ३३ हजार ३३३ रुपये पहिल्या महिन्याच्या एसएमएसमध्ये शोधण्यात अर्थ नाही. हुद्दाही नीट वाचावा: ‘बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह’ याचा रोजच्या भाषेतला अर्थ, भर दुपारी हेल्मेट घालून अनोळखी माणसांना कर्ज अथवा विमा विकणारा, असा असू शकतो. त्या कामात कमीपणा काही नाही, किंबहुना धंदा तिथेच कळतो. परंतु त्यासाठी दोन वर्षे थांबायचे का, हे आधी ठरवलेले बरे. नोकरी सोडून येणाऱ्याने तर शुल्काच्या जोडीने बुडालेला पगारही मोजावा, त्याला संधी-खर्च म्हणतात. महिना १८ हजारांची नोकरी सोडली तरी दोन वर्षांत ४ लाख ३२ हजार रुपये होतात, आणि ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसतात.

एवढे सांगितल्यावर ही वाट सोडून द्यावी असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. छोट्या संस्थेत वक्तृत्वाला घाबरणाऱ्या मुलीलाही वर्षातून चार वेळा आभारप्रदर्शन करावे लागते, कारण दुसरे कोणी नसतेच. ‘क्रीडा समिती प्रमुख’ आणि ‘वित्त समिती सदस्य’ एकच मुलगा असल्याने त्याला मंडपवाल्याशी घासाघीस करणे, हिशेब जुळवणे आणि ऐनवेळी न आलेल्या पाहुण्याच्या जागी प्राचार्यांना उभे करणे ही कामे खरोखर करावी लागतात. मुलाखतीच्या आदल्या रात्री अकरा वाजता फोन उचलणारे सर मोठ्या संस्थेत मिळणे कठीण. ज्याला गर्दीत लपून पदवी घेऊन जायचे आहे त्याने मोठी संस्था पाहावी; ज्याला ढकलून पुढे काढणारे कोणी तरी हवे आहे, त्याला साठांची संस्था मानवते, मात्र तेथे ढकलणारी माणसे शिल्लक आहेत याची खात्री आधी करून घ्यावी. ही खात्री स्वागतकक्षात होत नाही. कोणत्याही मंगळवारी दुपारी, न सांगता जाऊन, कँटीनमध्ये बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजावा. शंभर पानी माहितीपुस्तिकेत नसलेले सर्व काही ती मुले एका कपात सांगतात, आणि विचारले तर मध्यकही सांगतात.

प्रवेश निश्चित करताना मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला पडताळणीसाठी दाखवावा, आणि पडताळणी होताच परत घ्यावा; प्रत्येक कागदाच्या साक्षांकित प्रती देणे पुरेसे आहे. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्यास तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनी मनाई आहे, आणि ठरवून दिलेल्या अंतिम तारखेपूर्वी प्रवेश रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापून उरलेली सर्व रक्कम परत करणे संस्थेवर बंधनकारक आहे.